ऑर्डर अडली कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

वेबसाइटवरच्या चुका आणि संथपणा टिपणाऱ्या साधनांविषयी या खेपेस इंदूरहून बरीच पत्रे आली. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र केले आहेत. दुकानांची आणि संस्थांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमचे शेव-नमकीनचे ऑनलाइन दुकान आहे. मागे सर्व्हरवर जँगो (पायथनची चौकट), पुढे ब्राउझरमध्ये रिअ‍ॅक्ट. ‘पैसे कापले पण ऑर्डर दिसत नाही’ असे फोन आठवड्याला दोन-तीन तरी येतात. लॉगची, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदींची फाइल दोन जीबीची झाली आहे, त्यात शोधायचे काय? सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, राजेंद्रनगर

उत्तर : पैशाच्या वाटेपासून करा. बाकीची पाने नंतर. लॉगमध्ये ओळी भरपूर असतात, पण कोणती ओळ कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या ऑर्डरची हे त्यात लिहिलेले नसते, म्हणून ती फाइल चाळून काही हाती लागत नाही. चूक टिपणारे साधन नेमके हेच जोडून देते : चूक, कोडमधली तिची जागा, त्या वेळची विनंती आणि तो ग्राहक.

सेंट्री हे साधन २००८ मध्ये जँगोच्या एका छोट्या प्लगइनच्या रूपातच सुरू झाले, त्यामुळे तुमच्याकडे ते सहज बसेल. खात्यात प्रोजेक्ट उघडला की डीएसएन नावाचा एक पत्ता मिळतो. तो ब्राउझरमधल्या कोडमध्ये कुणाला दिसला तरी घाबरू नका. त्या पत्त्यावर नोंदी टाकता येतात, वाचता येत नाहीत. सोर्स मॅप (आकसलेल्या कोडवरून मूळ ओळी दाखवणारी फाइल) चढवण्याचे टोकन, म्हणजे परवानगीची किल्ली मात्र गुपित असते, ते चुकूनही गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जाऊ देऊ नका.

जँगोच्या सेटिंग्जमध्ये इनिट (साधन सुरू करणारी ओळ) लिहिताना डीएसएनसोबत दोन गोष्टी पहिल्याच दिवशी भरा : एन्व्हायर्नमेंट (कोड कुठे चालतो आहे) आणि रिलीज (कोडची कोणती आवृत्ती). एन्व्हायर्नमेंट नसेल तर तुमच्या लॅपटॉपवरच्या चाचणीच्या चुका दुकानाच्या चुकांत मिसळतात. रिलीजमध्ये गिटच्या कमिटचा हॅश, म्हणजे त्या बदलाचा ओळख-क्रमांक द्या. मग ‘ही चूक मंगळवारी संध्याकाळच्या डिप्लॉयपासून (नवा कोड सर्व्हरवर चढवल्यापासून) सुरू झाली’ हे साधनच सांगते. ही ओळ लोक ‘पुढे बघू’ म्हणून सोडून देतात आणि महिनाभराने हळहळतात.

आता मूळ दुखणे. पेमेंट गेटवे (पैसे घेणारी मधली सेवा) पैसे कापल्यावर तुमच्या सर्व्हरला वेबहुकने, म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर स्वतःहून विनंती पाठवून निरोप देतो. तो घेणाऱ्या फंक्शनमध्ये बहुधा एक मोठा ‘ट्राय’ (चूक झेलण्याची रचना) असेल आणि खालच्या ‘एक्सेप्ट’मध्ये प्रिंट, वॉर्निंगची ओळ किंवा नुसता ‘पास’. असे असेल तर सेंट्री बसवूनही काही दिसणार नाही, कारण कोडने स्वतःच झेललेली चूक आपोआप वर जात नाही. त्या ‘एक्सेप्ट’मध्ये कॅप्चर एक्सेप्शन (चूक सेंट्रीला कळवणारे फंक्शन) बोलवा आणि ऑर्डर क्रमांक टॅग म्हणून जोडा. दुसरे म्हणजे, चूक गिळून गेटवेला २०० (‘सगळे ठीक’) असे उत्तर जात असेल तर त्याला वाटते निरोप पोहोचला. मग तो पुन्हा पाठवत नाही आणि ऑर्डर कायमची हरवते. चूक झाली तर ५०० (‘सर्व्हरवर चूक’) पाठवा. बहुतेक गेटवे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतात. मात्र तोच निरोप दोनदा आला तर दोन ऑर्डरी बनू नयेत, म्हणून पेमेंट क्रमांकाच्या रकान्यावर डेटाबेसमध्येच युनिक (तोच क्रमांक दुसऱ्यांदा न घेणारे) बंधन घाला.

लॉगच्या संदेशातच ऑर्डर क्रमांक चिकटवून तो एरर म्हणून पाठवू नका. प्रत्येक संदेश वेगळा झाला की एकाच चुकीच्या चारशे वेगळ्या नोंदी होतात आणि यादी निरुपयोगी होते. मजकूर कायम ठेवा, क्रमांक वेगळा पाठवा.

शेवटी एक तात्पुरते यूआरएल करून त्यात शून्याने भागाकार करा, ते उघडा आणि नोंद पोहोचते का पाहा. पोहोचली की ते यूआरएल काढून टाका. यूडब्ल्यूएसजीआय (पायथनचा कोड चालवणारा सर्व्हर) वापरत असाल तर त्यात थ्रेड (कामाचे समांतर धागे) चालू करण्याचा पर्याय द्यावा लागतो. एसडीके (कोडमध्ये बसवलेली सेंट्रीची लायब्ररी) नोंदी मागच्या थ्रेडवरून पाठवते, तो थ्रेड नसेल तर कुठलीही तक्रार न करता नोंदी तिथेच राहतात.

प्रश्न : भंवरकुआँ भागातल्या क्लाससाठी लॅराव्हेलमध्ये (पीएचपीची चौकट) टेस्ट सिरीजचे पोर्टल केले आहे. लोकलवर (आपल्या संगणकावर) सेंट्रीत चुका दिसतात, सर्व्हरवरून एकही येत नाही. एन्व्ह फाइल (सेटिंग्जची फाइल) दहादा तपासली.
– एक वाचक

उत्तर : एन्व्ह फाइल बरोबरच असेल, लॅराव्हेल ती वाचत नसेल. सर्व्हरवर कॉन्फिग कॅश केलेले (सेटिंग्ज आधीच वाचून साठवलेल्या) असले की एन्व्ह फाइलकडे पाहिलेच जात नाही. डीएसएन लिहिल्यावर कॉन्फिग कॅशची आज्ञा पुन्हा चालवा, मग ‘आर्टिसन सेंट्री टेस्ट’ चालवून पाहा. तरीही नोंद गेली नाही तर सर्व्हरवरून बाहेर जाणारा ४४३ पोर्ट बंद आहे का ते होस्टिंगवाल्यांना विचारा.

टेस्ट पोहोचते पण निकाल लावणाऱ्या जॉबच्या चुका येत नाहीत, असे दिसले तर क्यू वर्कर (रांगेतली कामे मागे करणारा प्रोग्राम) जुनाच कोड घेऊन बसलेला आहे. प्रत्येक डिप्लॉयनंतर क्यू रीस्टार्ट हवा. त्या आज्ञेने वर्कर हातातले काम संपवून थांबतो, त्याला पुन्हा उभे करणारा सुपरवायझर मागे असावा लागतो. आणि चाचणी म्हणून चुकीचा पत्ता टाइप करून पाहत असाल तर ४०४ (पान सापडले नाही), व्हॅलिडेशन (फॉर्म चुकीचा भरला) आणि लॉगिनच्या चुका लॅराव्हेल मुळातच कळवत नाही.

प्रश्न : महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या व्यापाऱ्यांसाठी घाऊक ऑर्डरींची साइट आम्ही सांभाळतो. डॅशबोर्डवर सरासरी वेळ ४८० मिलिसेकंद दिसते, तरी व्यापारी म्हणतात ‘ऑर्डरींची यादी उघडता उघडत नाही’. एका संथ विनंतीचा ट्रेस आणि जँगोतला कोड सोबत पाठवला आहे, पण ट्रेस वाचायचा कसा तेच कळत नाही. एपीआय (ब्राउझरला माहिती पुरवणारी सर्व्हरची बाजू) वेगळ्या सबडोमेनवर आहे.
– एक वाचक, रामबाग

उत्तर : आधी ती सरासरी बाजूला ठेवा. हजार विनंत्यांपैकी ९०० ना २०० मिलिसेकंद लागले आणि १०० ना तीन सेकंद, तरी सरासरी ४८० च येते. त्या १०० विनंत्यांमागच्या व्यापाऱ्यांना ४८० चा अनुभव कधीच आलेला नाही. पी ९५ पाहा, म्हणजे १०० पैकी ९५ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात ती वेळ. वरच्या उदाहरणात ती तीन सेकंद निघते आणि व्यापारी खरे बोलत होते हे उघड होते.

ट्रेस म्हणजे एका विनंतीचा माग, आणि स्पॅन म्हणजे त्या मागातला एक टप्पा. तुमच्या मागात सगळ्यात वरची पट्टी ब्राउझरची आहे, ४.१ सेकंद. तिच्या पोटात सर्व्हरची पट्टी २.९ सेकंद. सर्व्हरच्या पट्टीखाली बारीक बारीक रेघांची दाट कंगव्यासारखी रांग आहे. त्या २४१ क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) आहेत, प्रत्येकी साधारण ६ मिलिसेकंदांच्या. नंतर १.१ सेकंद पूर्ण मोकळी जागा, काहीच रेघ नाही.

कंगवा दिसला की एन प्लस वन, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी वेगळ्या क्वेरी, असे समजावे. तुमच्या पानावर ६० ऑर्डरी दिसतात. यादीची एक क्वेरी, मग प्रत्येक ऑर्डरीसाठी ग्राहक, पत्ता, ट्रान्सपोर्ट आणि माल अशा चार. ६० गुणिले ४, अधिक १. सगळ्या मिळून १,४४६ मिलिसेकंद. ग्राहक, पत्ता आणि ट्रान्सपोर्ट एकेकच असल्यामुळे जँगोच्या सिलेक्ट रिलेटेडने ते मुख्य क्वेरीतच जोडून घ्या. मालाच्या ओळी अनेक असतात, त्यांना प्रीफेच रिलेटेड (सगळ्या ओळी एकाच वेगळ्या क्वेरीत आणणारे). २४१ च्या जागी दोन क्वेरी उरतील. नंतर कुणी टेम्प्लेटमध्ये त्या मालावर पुन्हा फिल्टर लावले तर प्रीफेच वाया जाते आणि कंगवा परत येतो, तेव्हा तिकडे लक्ष असू द्या.

एकेका क्वेरीला ६ मिलिसेकंद का, हेही पाहण्यासारखे आहे. स्पॅनमध्ये दिसते ती वेळ अ‍ॅप्लिकेशनच्या बाजूने मोजलेली असते, जाण्यायेण्यासकट. तीच क्वेरी डेटाबेसवर एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ लावून (क्वेरीला किती वेळ लागला ते सांगणारी आज्ञा) चालवा. तिथे अर्ध्या मिलिसेकंदात संपत असेल तर इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) घालून काही होणार नाही. अ‍ॅप आणि डेटाबेस वेगवेगळ्या झोनमध्ये असतील, किंवा दर विनंतीला नवे कनेक्शन उघडत असेल.

मोकळ्या जागेला लोक फसतात. तिथे सर्व्हर आराम करत नसतो, तिथे चाललेल्या कामाला कुणी स्पॅन लावलेला नसतो. तुमच्या कोडनुसार त्या ठिकाणी प्रत्येक ऑर्डरीच्या बिलाचा क्यूआर कोड तयार होतो. साठ कोड, १.१ सेकंद, म्हणजे एकाला १८ मिलिसेकंद. हिशेब जुळतो, तरी तर्कावर थांबू नका. त्या फंक्शनभोवती हाताने एक स्पॅन लावून पुढच्या मागात खात्री करून घ्या. मग क्यूआर बिल उघडतानाच बनवा, यादीत त्याची गरजच नाही.

आता ब्राउझरचे ४.१ आणि सर्व्हरचे २.९, मधले १.२ सेकंद. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सर्व्हरची पट्टी सुरू होते ती वर्करने (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रियेने) विनंती हातात घेतल्यावर. त्याआधी ती रांगेत उभी असेल तर तो वेळ त्या पट्टीत येत नाही. एन्जिनएक्सच्या (विनंत्या आधी घेऊन मागे देणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये रिक्वेस्ट टाइम (पूर्ण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागून उत्तर येईपर्यंतची वेळ) दोन्ही छापा. अपस्ट्रीमची वेळ सर्व्हरच्या पट्टीपेक्षा बरीच जास्त असेल तर वर्कर कमी पडत आहेत. गुनिकॉर्नमध्ये (पायथनचा कोड चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये) काही न सांगता एकच वर्कर असतो. त्याच्या माहितीपत्रात सुरुवातीसाठी प्रोसेसरच्या कोरची दुप्पट अधिक एक असे सांगितले आहे, म्हणजे दोन कोरना पाच. अपस्ट्रीमची वेळ पट्टीइतकीच असून ब्राउझरला मात्र जास्त लागत असेल, तर वेळ नेटवर्कवर जातो आहे. आणि गुनिकॉर्नची मुदत ३० सेकंदांची आहे. ती उलटली की वर्करच मारला जातो, अशा वेळी चुकीची नोंद पोहोचेलच असे नाही.

सबडोमेनबाबत एक इशारा, आणि तो मनापासून. ब्राउझर आणि सर्व्हर यांचा माग एकमेकांना जोडण्यासाठी एसडीके विनंतीत सेंट्री-ट्रेस आणि बॅगेज असे दोन हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) घालते. ओपन टेलिमेट्रीत (माग नोंदवण्याच्या खुल्या मानकात) तेच काम ट्रेसपेरेंट हा हेडर करतो : आधी ००, मग ३२ अक्षरांचा मागाचा क्रमांक, मग १६ अक्षरांचा आधीच्या टप्प्याचा, शेवटी माग ठेवायचा की नाही हे सांगणारी दोन अक्षरे. तुमचा एपीआय दुसऱ्या ओरिजिनवर, म्हणजे पानापेक्षा वेगळ्या पत्त्यावर आहे. त्याने सीओआरएसच्या (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानांना मुभा देणाऱ्या नियमांच्या) परवानगीच्या यादीत हे हेडर घेतले नाहीत, तर ब्राउझर विनंतीच अडवतो आणि माग बसवायला गेलेल्या माणसाच्या हातून ऑर्डरी बंद पडतात. म्हणून आधी सर्व्हरवर हेडरना परवानगी द्या, तो डिप्लॉय होऊ द्या, मग ब्राउझरच्या बाजूला ट्रेस प्रोपगेशन टार्गेट्समध्ये (हेडर कुठे जावेत त्या यादीत) फक्त तुमच्या एपीआयचा पत्ता लिहा. परक्या पत्त्यांना हे हेडर जाऊ देऊ नका.

प्रश्न : ट्रेसिंगचे प्रमाण १ ठेवले, म्हणजे प्रत्येक विनंतीचा माग, आणि महिन्याचा कोटा तीन दिवसांत संपला. आता ०.०१ करावे का? दिवसाला लाखभर विनंत्या असतात. दोन सर्व्हर आहेत, पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा).
– एक वाचक, विजयनगर

उत्तर : सरसकट ०.०१ केले तर पेमेंटचे मागही शंभरातले ९९ जातील. प्रमाण विनंतीनुसार ठरवणारे सॅम्पलर फंक्शन लिहा. तुमच्या दोन सर्व्हरना लोड बॅलन्सर दर पाच सेकंदांनी ‘जिवंत आहेस का’ विचारतो. दिवसाला १७,२८० दुणे ३४,५६० विनंत्या त्यातच गेल्या. त्यांना ०. पेमेंटच्या साधारण १,५०० विनंत्यांना १. उरलेल्या ६३,९४० ना ०.०२, म्हणजे सुमारे १,२७९. एकूण रोजचे २,७७९ माग, आणि एका मागात २५ स्पॅन धरले तर २५ लाखांऐवजी ७० हजारांच्या आत स्पॅन.

एक खाच आहे. माग ठेवायचा की नाही हे पहिल्या टप्प्यावर, बहुधा ब्राउझरमध्ये ठरते आणि तो निर्णय पुढे सर्व्हरपर्यंत जातो. सर्व्हरवर साधे प्रमाण लिहिलेले असेल तर ब्राउझरकडून आलेल्या विनंत्यांना ते लागूच होत नाही. सॅम्पलर लिहिले की उलटे होते, ते वरचढ ठरते. त्यात वरून आलेला निर्णय पाळला नाही तर अर्धे तुटलेले माग साठत जातात. तेव्हा फंक्शनचा क्रम असा ठेवा : आधी हेल्थ चेक (‘जिवंत आहेस का’च्या विनंत्या), मग पेमेंट, मग वरून आलेला निर्णय, तो नसेल तर ०.०२. पेमेंटचे काही माग ब्राउझरच्या पट्टीशिवाय येतील, ते चालवून घ्या. हे प्रमाण फक्त मागांचे आहे, चुकांचे प्रमाण वेगळे असते. ते १ च राहू द्या.

‘संथ आणि चुकलेले तेवढेच माग ठेवा’ असे हवे असेल तर निर्णय शेवटी व्हावा लागतो. ते ओपन टेलिमेट्रीच्या कलेक्टरमध्ये (स्पॅन गोळा करणाऱ्या प्रोग्राममध्ये) करता येते, पण एका मागाचे सगळे स्पॅन एकाच कलेक्टरकडे जायला हवेत आणि निर्णय होईपर्यंत ते मेमरीत धरून ठेवावे लागतात. लाखभर विनंत्यांसाठी हा खटाटोप आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या रिअ‍ॅक्टच्या इंग्रजी साइटवर ‘रिमूव्ह चाइल्ड’ (पानातला तुकडा काढणे) करता आले नाही अशा चुका रोज येतात, आमच्याकडे कधी घडत नाहीत. काही ठिकाणी नुसते ‘स्क्रिप्ट एरर’ एवढेच येते.
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : तुमची साइट इंग्रजीत आहे आणि ग्राहक ती क्रोमच्या भाषांतराने हिंदीत किंवा मराठीत वाचतात. भाषांतर करताना क्रोम पानातला मजकूर उचलून स्वतःच्या फॉन्ट टॅगमध्ये ठेवतो. रिअ‍ॅक्ट नंतर आपला जुना तुकडा काढायला जाते, तो जागेवर नसतो आणि पान पांढरे पडते. तुम्ही भाषांतर चालू करून ‘कार्टमध्ये टाका’ दाबून पाहा, बहुधा लगेच घडेल. अट पाहून दिसणारा-लपणारा मोकळा मजकूर एचटीएमएलच्या स्पॅन टॅगमध्ये (मागातला स्पॅन वेगळा) गुंडाळा, आकडे सतत बदलतात त्या भागाला ट्रान्सलेट नो (भाषांतर नको) लावा. ही चूक दुर्लक्षाच्या यादीत टाकू नका, तिच्यामागे गिऱ्हाईक आहे. इंदूरसारख्या शहरात तर हिंदी-मराठी पान देणे हाच खरा इलाज.

‘स्क्रिप्ट एरर’ येतो तो दुसऱ्या डोमेनवरून आणलेल्या फाइलमधून. स्क्रिप्ट टॅगला क्रॉसओरिजिन लावा आणि सीडीएनने (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरने) सीओआरएसचा हेडर द्यावा. दोन्ही हवेत. हेडर नसताना नुसते क्रॉसओरिजिन लावले तर फाइलच चढत नाही. एकाक्षरी फंक्शनांची नावे दिसत असतील तर बिल्डच्या वेळी सोर्स मॅप चढवा, आणि चढवून झाले की सार्वजनिक फोल्डरमधून मॅप फाइली पुसा.

प्रश्न : नोंदींत ग्राहकांचे मोबाइल नंबर दिसले. पासवर्ड मात्र झाकलेले होते. असे का?
– एक वाचक, स्नेहलतागंज

उत्तर : कारण झाकणी नावावरून होते. पासवर्ड, टोकन, सिक्रेट अशी ठरावीक इंग्रजी नावे एसडीकेला ठाऊक असतात. तुमच्या कोडमधले ‘मोबाइल’, ‘पत्ता’, ‘ग्राहक’ त्याला कुठून कळणार? त्यात पायथनचे एसडीके चुकीच्या जागचे स्थानिक चलही (फंक्शनमधली त्या वेळची मूल्ये) पाठवते, नंबर बहुधा तिथूनच गेले. ते पाठवणे बंद करता येते. पेमेंट आणि लॉगिनच्या सर्व्हिसमध्ये ते बंदच ठेवा. बाकीकडे बिफोर सेंडमध्ये (नोंद पाठवण्याआधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आपल्या नावांची यादी द्या आणि ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी अंक पुसा. तुमचे ऑर्डर क्रमांक दहा आकडी असतील तर तेही पुसले जातील, म्हणून त्यांना आधी एखादे अक्षर लावा. यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर येणारे ओटीपी आणि टोकन विसरू नका. ग्राहकाची ओळख म्हणून आतला आयडी पुरतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी गिऱ्हाइकाने माल मागवायला दिलेला नंबर तिसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ नये.

प्रश्न : अलर्ट इतके येतात की सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. शिवाय, ४ जीबीच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) सेंट्री स्वतः चालवता येईल का?
– एक वाचक, तुकोगंज

उत्तर : फोन वाजावा असे दोनच नियम ठेवा : पेमेंटच्या वाटेवर कधीही न दिसलेली चूक, आणि पाच मिनिटांत दहा वेगवेगळ्या ग्राहकांना आलेली एकच चूक. चुकांच्या संख्येवर नियम लावू नका, एकच ग्राहक बटण दाबत राहिला तरी शंभर होतात. बाकीची यादी रोज सकाळी एकाने पाहायची, नाव ठरवून. रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री गर्दी कमी-जास्त होणारच, म्हणून पी ९५ चा अलर्ट लावताना किमान विनंत्यांची अटही घाला. रात्री तीन वाजता चार विनंत्यांपैकी एक संथ निघाली म्हणून कुणाला उठवू नये.

सेंट्री ४ जीबीवर चालणार नाही. स्वतः चालवायला ४ कोर आणि १६ जीबी रॅम, वर तितकाच स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मागतात. ग्लिचटिप हे तसेच साधन हलके आहे आणि सेंट्रीचीच एसडीके त्याला चालते, कोडमध्ये फक्त डीएसएन बदलायचा. तो व्हीपीएस मात्र दुकानाच्या सर्व्हरपासून वेगळा घ्या. दुकानाचे मशीन बसले की त्याच मशीनवरचे साधनही बसते. आणि बसलेले मशीन स्वतःहून चूक कळवत नाही, त्यासाठी बाहेरून दर मिनिटाला साइट उघडून पाहणारी साधी तपासणी वेगळी लावावी लागते.